एक डीएनए, पाच वंशावळी

जानेवारी २०१९मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने एक साधा प्रयोग दाखवला. ‘मार्केटप्लेस’ या कार्यक्रमाची निवेदिका चार्ल्सी अ‍ॅग्रो आणि तिची बहीण कार्ली या एकसारख्या जुळ्या. दोघींचा डीएनए जवळपास तंतोतंत एकच. दोघींनी आपले नमुने पाच कंपन्यांना पाठवले. अ‍ॅन्सेस्ट्रीडीएनएने त्यांना ३८-३९ टक्के पूर्व युरोपीय ठरवलं. मायहेरिटेजने सुमारे ६१ टक्के बाल्कन. फॅमिलीट्रीडीएनएला १३-१४ टक्के मध्यपूर्व सापडला, जो बाकीच्या कोणालाच दिसला नाही. ट्वेंटीथ्रीअँडमीने तर दोघी बहिणींनाच वेगळं काढलं. चार्ल्सी २.६ टक्के फ्रेंच-जर्मन, कार्ली शून्य.

मग येल विद्यापीठातल्या संगणकीय जीवशास्त्रज्ञांनी दोघींचा कच्चा डेटा तपासला. तो ९९.६ टक्के सारखा निघाला. म्हणजे यंत्रांनी अक्षरं नीट वाचली होती. भांडण त्या अक्षरांचा अर्थ लावताना सुरू झालं.

घरगुती चाचणी आपला सगळा जनुकसंच वाचत नाही. सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी माणसामाणसांत फरक पडतो अशा काही लाख जागाच ती पाहते. मग त्या जागा एका संदर्भ-संचाशी ताडून बघते. हा संच प्राचीन सांगाड्यांचा नसतो, तो आज जिवंत असलेल्या माणसांचा असतो. ज्यांचे आजी-आजोबा एकाच भागातले, अशी माणसं शोधून त्यांच्यावर ‘इटली’, ‘पोलंड’ अशी लेबलं लावली जातात. तुमच्या डीएनएचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा कोणत्या लेबलाशी जास्त जुळतो, याची शक्यता मोजली जाते. शक्यता पुरेशी नसेल तर तो तुकडा ‘ढोबळ युरोपीय’ खात्यात जातो. उंबरठ्यावरचा एखादा तुकडा एका बहिणीच्या बाबतीत आत पडला, दुसरीच्या बाबतीत बाहेर राहिला, की झाल्या दोघींच्या दोन वंशावळी.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला ट्रेनिंग डेटाचा प्रश्न म्हणतो. मॉडेलला जी लेबलं दाखवली, त्यापलीकडचं उत्तर ते देऊच शकत नाही. शिवाय लेबलांना स्वतःचा इतिहास असतो. १७९५ ते १९१८ या काळात पोलंड नावाचं स्वतंत्र राष्ट्र नकाशावर नव्हतं; पणजोबा मात्र तिथेच शेती करत होते. संच बदलला की पूर्वजही बदलतात. २०१८मध्ये अ‍ॅन्सेस्ट्रीडीएनएने आपला संदर्भ-संच सुमारे ३,००० नमुन्यांवरून १६,०००वर नेला आणि जुन्या ग्राहकांचे टक्के बदलले. नवा नमुना कोणी दिला नव्हता.

हा खेळ नवा नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ग्रीसमधल्या सालोनिका आघाडीवर लुडविक आणि हान्का हिर्सफेल्ड हे डॉक्टर दांपत्य काम करत होतं. तिथे दोस्तांच्या फौजांत इंग्रज, फ्रेंच, सर्ब, सेनेगाली, व्हिएतनामी आणि हिंदी शिपाई एकत्र आले होते. दोघांनी ८,०००हून अधिक जणांचे रक्तगट तपासले आणि १९१९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ए आणि बी गटांच्या प्रमाणावरून त्यांनी एक निर्देशांक काढला. इंग्रजांचा ४.५, हिंदी शिपायांचा ०.५. त्यावरून कल्पना मांडली, की माणसाचे मूळ दोन वंश असावेत. ‘ए’चा उगम उत्तर किंवा मध्य युरोपात, ‘बी’चा हिंदुस्थानात, आणि बाकी सगळे कमीअधिक मिश्रण. मोजणी खरी होती. पण त्या निर्देशांकाने सेनेगाली आणि व्हिएतनामी एकाच ‘आशियाई-आफ्रिकी’ खात्यात टाकले!

त्या टक्क्यांचं पुढे काय झालं? १९२६मध्ये ऑटो रेखे या वंशवादी मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने रक्तगट-संशोधनाची जर्मन संस्था निघाली. ‘बी’ गट म्हणजे पूर्वेकडचं परकं रक्त, असं सिद्ध करण्याची धडपड सुरू झाली. खुद्द लुडविक हिर्सफेल्ड ज्यू कुळातला. नाझींनी त्याला वॉर्सॉच्या घेट्टोत कोंडलं. तो तिथून निसटला आणि वाचला.

आपल्याकडे रक्ताऐवजी नाक आणि डोकं मोजलं गेलं. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदुस्थानातल्या माणसांचे सात प्रकार पाडले. पश्चिम भारतातले कुणबी आणि मराठी ब्राह्मण त्यांच्या हिशेबात ‘सिथो-द्रविड’ ठरले. कारण काय, तर डोक्यांची रुंदी. म्हणून मध्य आशियातले शक आमचे पूर्वज! नाकाच्या मापावरून जातीची उतरंड लावता येते, असाही त्यांचा दावा होता. मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांनी १९३२मध्ये हीच मापं पुन्हा हाती घेतली आणि दाखवलं, की उत्तरेतल्या संयुक्त प्रांताबाहेर हे गणित जुळत नाही. तेच आकडे, वाचणारा वेगळा.

आज नाकाची जागा डीएनएने घेतली आहे. ते साधन कितीतरी अचूक आहे, हे मान्यच करायला हवं. आईवडील, भावंडं, जवळचे चुलत-मावस नातेवाईक या चाचण्या खात्रीने ओळखतात, कारण तिथे दोन माणसांची थेट तुलना होते. टक्क्यांचं तसं नाही. तिथे तुमची तुलना कंपनीने निवडलेल्या गर्दीशी होते. शिवाय ‘मूळ’ कोणत्या काळातलं, हा प्रश्न उरतोच. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातल्या बहुतेक समूहांमध्ये साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी मोठी सरमिसळ झाली, आणि नंतर जातीतल्या जातीत लग्नं घट्ट झाली. पाचशे वर्षं मागे गेलात तर एक उत्तर मिळेल, तीन हजार वर्षं मागे गेलात तर दुसरं.

म्हणून कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा स्क्रीनशॉट टाकून ‘आम्ही अमुक टक्के आर्य’ किंवा ‘आम्हीच इथले मूळ’ म्हणालं, तर त्याला तीन गोष्टी विचारा: तुलना कोणाशी केली, लेबलं कोणी लावली, आणि काळ कोणता धरला. रिस्लेंच्या आकड्यांना घुर्ये यांनी असेच प्रश्न विचारले होते.