पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड: एक मागोवा

कतारमध्ये दोह्याच्या उत्तरेला, बर्झानच्या जुन्या टेहळणी मनोऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या उम्म सलाल मोहम्मदमध्ये राहणाऱ्या मराठी घराला बालभारतीचे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाचे, पुस्तक हवे असेल, तर गावाकडून कुणी येण्याची वाट पाहावी लागत नाही. मंडळाच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवून घेता येते. पहिल्या पानावर काळा-पांढरा चौकोन दिसतो आणि पुढे पाठापाठांतही तसेच चौकोन असतात. त्यावर फोन धरला की त्या पाठाची चित्रफीत किंवा ध्वनिफीत सुरू होते. हा चौकोन पुस्तकात आला तो एका जिल्हा परिषद शिक्षकाच्या वर्गातून. आपल्या शाळांत तंत्रज्ञान कसे येते आणि आल्यावर त्याचे काय होते, हे त्याच्या प्रवासातून नीट कळते.

या चौकोनाचे मूळ मात्र शाळेतले नाही, दुकानातले. अमेरिकेत नॉर्मन वुडलंड यांनी मॉर्सच्या टिंब-रेघा लांबवून पट्ट्यांचा बारकोड कल्पिला. त्याचे पेटंट 1952मध्ये मिळाले आणि 1974मध्ये ओहायोतल्या एका दुकानात च्युइंगगमच्या पाकिटावर तो पहिल्यांदा वाचला गेला. पण पट्ट्यांत फार माहिती मावत नव्हती. जपानमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीत कामगारांना एकेका खोक्यावरचे अनेक बारकोड वाचत बसावे लागे. तिथले अभियंते मासाहिरो हारा यांनी 1994मध्ये त्यावर चौकोनी कोडचा, म्हणजे क्यूआर कोडचा, तोडगा काढला. ‘गो’ या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून त्यांना ही रचना सुचली. कोडचा सुमारे 30 टक्के भाग मळला, फाटला तरी तो वाचता येईल अशी सोय त्यात करता येते. दप्तरात चुरगळणाऱ्या पुस्तकाला हा गुण फार उपयोगी आहे. शिवाय कंपनीने पेटंटचा हक्क बजावला नाही. कोणीही, कुणालाही न विचारता कोड बनवू शकत होते. माझ्या मते पुढचे सगळे या एका निर्णयामुळे घडले.

हा कोड येण्याआधी आपल्या शाळांत जे तंत्रज्ञान आले ते वरून आले. पुण्यात 1984मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली. शैक्षणिक कार्यक्रम तिथे तयार होत आणि दूरदर्शनवरून दाखवले जात. त्याच सुमारास केंद्राच्या योजनेतून काही माध्यमिक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. शिक्षकाच्या वाट्याला मात्र वस्तू कमी आणि जबाबदारी जास्त आली. वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढली की ती मोडली तर जाब मुख्याध्यापकाला. म्हणून खोलीला कुलूप लागे. लोक त्याला शिक्षकांची अनास्था म्हणत. मला ते कधीच पटले नाही. जी वस्तू बिघडली तर दुरुस्तीला पैसे नाहीत, पण खुलासा मात्र द्यावा लागतो, ती जपून ठेवणे हाच शहाणपणा होता. बालचित्रवाणी 2017मध्ये बंद झाली. योगायोग असा, की क्यूआर कोड राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आणण्याची घोषणा त्याच वर्षी झाली.

त्या घोषणेमागची कल्पना ज्या शाळेतून निघाली ती सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातली परितेवाडी. रणजितसिंह डिसले 2009मध्ये तिथे रुजू झाले तेव्हा शाळेची पडकी इमारत गुरांचा गोठा आणि सामानाची खोली यांच्यामध्ये उभी होती. मुलांच्या घरची भाषा कानडी, पुस्तक मराठी. डिसले आधी कानडी शिकले. मग पहिली ते चौथीची पुस्तके त्यांनी मुलांच्या भाषेत आणली आणि त्यांत क्यूआर कोड घातले. त्यामागे कविता ऐकायला होत्या, गोष्टी होत्या, धड्यांच्या चित्रफिती होत्या. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी मूल काय बोलते हे कळले, मग पुस्तक बदलले आणि शेवटी कोड आला. कोणत्या कोडमागे काय ठेवायचे हे वर्गातल्या मुलांचे चेहरे ओळखणारा माणूस ठरवत होता. पटले नाही तर तो स्वतःच बदलू शकत होता.

परितेवाडीच्या प्रयोगानंतर राज्याने पहिली ते बारावीच्या पुस्तकांत कोड आणायचे ठरवले. 5 सप्टेंबर 2017 रोजी केंद्राचा ‘दीक्षा’ हा डिजिटल शिक्षणसाहित्याचा मंच सुरू झाला. 2018मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी एनसीईआरटीच्या पुस्तकांतही कोड येतील असे जाहीर केले. एका वस्तीशाळेतली युक्ती देशभर गेली, याचा अभिमान वाटतोच. पण या प्रवासात शिक्षकाची जागा बदलली. तो कोड बनवणारा होता, आता कोड दाखवणारा झाला. कोडमागचे साहित्य राज्य पातळीवर ठरते. ते एखाद्या पाड्यावरच्या मुलांना कळत नसेल, तर तिथल्या बाईंना पुस्तकातल्या त्या कोडमध्ये काही बदलता येत नाही.

त्यात रोजच्या अडचणी. फोन बाईंचा स्वतःचा, डेटा त्यांच्याच खिशातला. रेंज गच्चीवर येते, वर्गात नाही. थकलेल्या बिलापायी वीज तोडलेल्या जिल्हा परिषद शाळा महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. आणि त्याच फोनवर ‘सरल’ या सरकारी संकेतस्थळावरची माहिती, पोषण आहाराचे आकडे, यू-डायस या शाळांच्या माहिती प्रणालीचे रकाने भरायचे. 2016च्या अखेरीस तर मुलांसोबत सेल्फी काढून चढवण्याचा आदेश निघाला. शिक्षकांनी विरोध केला आणि तो स्थगित करावा लागला. शिक्षकाचा राग यंत्रावर नाही. जे यंत्र शिकवायला म्हणून दिले, तेच त्याच्यावर नजर ठेवायला आणि माहिती भरून घ्यायला वापरले जाते, याचा तो राग आहे.

2020 साली कोरोनाच्या साथीत हा चौकोन सगळ्यांच्या हातात आला. कतारमध्ये मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा बंद झाल्या आणि मे महिन्यात साथीसाठीचे सरकारी ‘एहतेराज’ ॲप सक्तीचे झाले. मॉलच्या दारात त्यातला हिरवा कोड दाखवल्याशिवाय प्रवेश नव्हता. इकडे सोलापूर शहरातल्या नीलमनगरात, यंत्रमाग आणि कापड कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबांच्या वस्तीत, अनेक मुलांकडे फोनच नव्हते. तिथल्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुले अंतर ठेवून भिंतीसमोर उभी राहून शिकली. त्याच वर्षी 3 डिसेंबरला डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, कोडही आणि रंगवलेली भिंतही. मला या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या वाटतात. दोन्हीकडे समोरच्या मुलाकडे काय आहे हे पाहून शिक्षकाने साधन निवडले.

साधन साधे असले तरी चालते, ते मुलाकडे पाहून निवडलेले हवे, हे दोह्याने आधी ओळखले होते. तिथल्या ‘वाइज’ या शिक्षण परिषदेने 2012मध्ये आपला शिक्षण पुरस्कार मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या माधव चव्हाण यांना दिला. ‘प्रथम’च्या पुढाकाराने 2005पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीत मुलाच्या हाती वाचायला एक छापील कागद देतात. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे साऱ्या देशाला त्या कागदाने दाखवले.

साधन निवडण्याचा हक्क शिक्षकाकडे परत यावा म्हणून पाठ्यपुस्तक मंडळाकडे आणि शिक्षण विभागाकडे एक मागणी आहे. प्रत्येक पाठात एक कोड शिक्षकासाठी मोकळा सोडा. त्यामागे पालघरच्या गुरुजींना वारलीतली गोष्ट, चंदगडच्या बाईंना सीमेवरच्या बोलीतले गाणे, आणि परदेशात रविवारी मराठी शिकवणाऱ्या ताईंना तिथल्या मुलांसाठी स्वतःच्या आवाजातला धडा ठेवता येऊ द्या. त्यासोबत शाळेला वीज आणि इंटरनेट सरकारी खर्चाने द्या, आणि माहिती भरण्याचे काम शिक्षकाच्या फोनवरून काढून घ्या.