अपुरी विकलेली मोटार

खेळण्यांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे चाल नाहीं. राजांचे, लढायांचे आणि तहांचे इतिहास आम्ही वाचतों व विद्यार्थ्यांस शिकवितों. परंतु एखाद्या पिढीनें फुरसतीच्या वेळीं हातांत काय धरलें होतें, त्यापायीं पदरचे किती पैसे खर्चिले, आणि तें बिघडलें तेव्हां नीट कोणीं केलें, याची नोंद ठेवण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. वस्तुतः यंत्रयुग सामान्य माणसाच्या घरांत कसें शिरलें हें पाहावयाचें असल्यास कारखान्यापेक्षां खेळण्यांच्या पेटींत डोकावणें अधिक उपयोगी पडतें. या दृष्टीनें बिनतारी संदेशानें चालणाऱ्या छोट्या मोटारीचा, आणि त्यांतही 'टूरिंग कार' नांवाच्या तिच्या स्वस्त प्रकाराचा वृत्तांत येथें देण्याचा आमचा विचार आहे. रस्त्यावर धांवणाऱ्या नेहमींच्या गाडीची ही सुमारें एकदशांश आकाराची प्रतिकृति. लांबी हातभर, अंगावर पारदर्शक प्लॅस्टिकचें आंतून रंगविलेलें कवच, आणि पोटांत विजेची मोटर. मोटार म्हणजे गाडी व मोटर म्हणजे तिला फिरविणारें विद्युद्यंत्र, एवढा भेद वाचकांनीं या लेखापुरता ध्यानांत ठेवावा.

या विद्येचा जन्म मात्र खेळ म्हणून झाला नाहीं. १८९८ सालीं निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत एक लहानशी नाव तारेवांचून चालवून दाखविली, आणि त्याच वर्षीं ८ नोव्हेंबर रोजीं त्यास तिचें पेटंट मिळालें. टेस्लाच्या डोळ्यांपुढें युद्धोपयोग होता. पुढें अर्धशतकभर ही कल्पना हौशी माणसाच्या आटोक्याबाहेर राहिली, याचें कारण अगदीं साधें होतें. निर्वात नळ्यांचें ग्राहकयंत्र आणि त्यास लागणाऱ्या जड बॅटऱ्या वाहून नेण्यास नाव किंवा मोठें विमान चालत असे. हातभर गाडीला तें ओझें झेपण्यासारखें नव्हतें. डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर सिद्ध झाला, आणि त्यानंतर वीस वर्षांच्या आंत, १९६६ सालीं, इटलींतील एल-जी या कंपनीनें फेरारी २५० एलएम या गाडीची एकद्वादशांश आकाराची बिनतारी प्रतिकृति विक्रीस आणली.

तथापि हा खेळ घरोघरीं नेण्याचें श्रेय जपानकडे जातें, आणि तेंही काहींसें आडवाटेनें. शिझुओका शहरांत १९४६ सालीं योशिओ तामिया यांनीं लांकूड कापण्याचा कारखाना काढला. त्यांतून लांकडी प्रतिकृति निघाल्या, आणि १९६० पासून प्लॅस्टिकच्या. त्यांचे चिरंजीव शुनसाकु यांनीं पोर्श ९३४ या शर्यतीच्या गाडीची मोठी प्रतिकृति करण्याचें मनावर घेतलें, तेव्हां बारकावे अचूक उतरावेत म्हणून त्यांनीं एक खरीखुरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी करून पाहिली. इतक्या खटाटोपानें तयार झालेल्या सांच्यांचा खर्च नुसत्या शोभेच्या वस्तूवर भरून निघणें कठीण होतें. सबब त्याच कवचाखालीं मोटर व बिनतारी यंत्रणा घालून तें पुन्हां विकावें असा विचार निघाला. डिसेंबर १९७६ मध्यें ती गाडी बाजारांत आली. किंमत ९,८०० येन. पहिल्या वर्षांतच तिचे एक लाखाहून अधिक संच खपले. खर्च वसूल करण्याकरितां काढलेल्या जोडधंद्यानें मूळ धंद्यास झांकून टाकावें, असें व्यापाराच्या इतिहासांत क्वचित् घडतें.

त्या किंमतींत गाडीचे सुटे भाग मिळत. बिनतारी यंत्र व बॅटरी निराळी घ्यावी लागे, आणि जोडणी घरीं करावी लागे. आमच्या मतें या खेळाचें सारें रहस्य या अपुरेपणांत आहे. जी वस्तु पूर्ण होऊन येते ती बिघडली म्हणजे टाकली जाते. जी वस्तु आपण स्वतः एकेक स्क्रू पिळून उभी केली, तिचें पोट उघडण्याची भीति वाटत नाहीं. आणि भीति गेली कीं सुधारण्याची इच्छा मागून येतेच. कंपनीनेंही हें ओळखलें होतें. संच स्वस्त ठेवावा, त्यांत साधे भाग घालावे, आणि चांगले भाग निराळ्या पाकिटांतून विकावे, हा तिचा शिरस्ता होऊन बसला. यांत व्यापारी धूर्तपणा नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु घेणाऱ्यास आपल्या ऐपतीप्रमाणें एकेक पायरी चढण्याची सोय त्यामुळें झाली, हेंही तितकेंच खरें.

१९८० नंतरचें दशक मातींत उड्या मारणाऱ्या गाड्यांचें होतें. १९९१ च्या सुमारास तामियानें अशाच एका चारी चाकें फिरणाऱ्या गाडीच्या सांगाड्यावर रस्त्यावरील मोटारीचें कवच बसविलें, आणि त्यांतून टीए-०१ नांवाची टूरिंग कार निघाली. मुलानें दूरचित्रवाणीवर पाहिलेली निसान स्कायलाइन आतां त्याच्या अंगणांत धांवूं लागली. खेळण्यास मातीचा माळ नको, गाड्या उभ्या करण्याचें मोकळें पटांगण पुरे. लौकरच या प्रकाराच्या स्वतंत्र शर्यती सुरू झाल्या, आणि येथूनच अडचणीसही आरंभ झाला.

शर्यत आली कीं पैसा येतो. त्या काळच्या निकेल-कॅडमियम बॅटरींत १.२ व्होल्टचे सहा सेल असत. सहांपैकीं एक जरी दुबळा निघाला तरी तो इतर पांचांस मागें ओढी; म्हणून प्रत्येक सेल निराळा तपासून, त्यावर आंकडे लिहून, सारख्या गुणांचे सेल जुळवून ते चढ्या भावानें विकण्याचा एक धंदाच निघाला. मोटरींतील ब्रश झिजत, त्यांखालचा तांब्याचा कम्युटेटर खडबडीत होई, आणि तो पुन्हां गुळगुळीत करण्यासाठीं चुरशीचे स्पर्धक मैदानावर छोटे लेथ घेऊन येत. सांगाडा कार्बनतंतूच्या पत्र्याचा झाला, प्लॅस्टिकच्या जागीं ॲल्युमिनियम आलें. ज्याच्याजवळ एकच बॅटरी आणि एकच मोटर आहे अशा शाळकरी पोरानें या पंक्तींत बसावें तरी कसें? एकविसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रशविरहित मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी आली, तेव्हां लेथ व सेल जुळविण्याची दगदग संपली हें खरें; पण त्याबरोबर वेग इतका वाढला कीं नवशिक्याच्या हातून गाडी पहिल्या वळणावरच भिंतीवर जाऊन आदळावी. (या बॅटरीस तिच्याचसाठीं केलेला चार्जर लागतो, भलत्या चार्जरनें ती पेट घेऊं शकते, एवढें येथें सांगून ठेवतों.)

या पार्श्वभूमीवर २००२ सालची टीटी-०१ आणि २०१३ सालची टीटी-०२ या दोन स्वस्त गाड्यांचें महत्त्व कळतें. दोहोंचा सांगाडा घंगाळासारखा खोलगट, प्लॅस्टिकचा. मधून एक दांडा जाऊन पुढील व मागील चाकें फिरवितो. गिअर झांकलेले, त्यामुळें खडा शिरण्याची भीति कमी. अशी गाडी घेतलेला मनुष्य पहिल्याच आठवड्यांत जोरदार मोटर आणण्याच्या गोष्टी करूं लागतो. ती घाई त्यानें आवरावी. गाडीच्या उणिवा कोठें आहेत हें आधीं पाहिलें पाहिजे, आणि त्या पाहूं गेल्यास दोन-अडीचशें वर्षांचा यंत्रविद्येचा इतिहास हातभर जागेंत भेटतो.

चाकाचा आंस जेथें फिरतो तेथें मूळ संचांत बहुधा साधी प्लॅस्टिकची कडी असते. आंसास वंगण न घातलेली बैलगाडी कशी कुरकुरते हें आपल्याकडे कोणास सांगावयास नको. येथें तर चाक मिनिटास दोन हजारांहून अधिक फेरे घेतें. कड्यांत धूळ शिरली कीं ती झिजते, चाक डुगडुगूं लागतें, आणि बॅटरीची शक्ति घर्षणांत वायां जाते. यावरील उपाय १७९४ सालचा आहे: वेल्समधील कार्मार्थेन येथील फिलिप व्हॉन यानें घोडागाडीच्या आंसासाठीं छर्ऱ्यांच्या बेअरिंगचें पेटंट त्या वर्षीं घेतलें. ५ मि.मी. भोकाचीं व ११ मि.मी. व्यासाचीं तशीच बेअरिंगें या गाडींत बसतात. एवढ्या एका फरकानें तीच मोटर अधिक वेगानें आणि अधिक वेळ चालते; पैशाच्या मानानें याहून किफायतशीर दुसरी सुधारणा नाहीं.

त्यानंतर डँपर. मूळच्या डँपरांत तेल नसतें. स्प्रिंग दबते आणि लगेच उसळते, त्यामुळें खडबडीत जागीं टायर जमीन सोडतो. तेलाच्या डँपरांत बारीक भोकांची दट्टी सिलिकोन तेलांतून हळूहळू सरकते व उसळी मरते. उन्हाळ्यांत तेल पातळ होतें म्हणून जाड भरावें, थंडींत त्याच्या उलट. सुकाणूच्या सांध्यांतील ढिलेपणा काढणें हें तिसरें काम. वळतांना आंतलें चाक बाहेरच्यापेक्षां अधिक वळलें पाहिजे, हा नियम म्युनिकचा गाडी-कारागीर लँकेन्स्पेर्गर याचा. त्याच्या वतीनें रुडॉल्फ आकरमान यानें १८१८ सालीं लंडनमध्यें पेटंट घेतलें आणि नांव मात्र आकरमानचेंच झालें! सांधे सैल असतील तर हा सारा हिशेब फुकट जातो. डिफरन्शियल हें फ्रेंच कारागीर पेकर याचें, १८२७ सालचें. पुढच्या डिफरन्शियलांत घट्ट ग्रीस भरून तें किंचित् जड केलें म्हणजे वळणांतून बाहेर पडतांना गाडी सरळ ओढली जाते.

टायर मात्र सर्वांवर मात करतात. गाडीचा जमिनीशीं संबंध येतो तो चार बोटभर पट्ट्यांपुरता. तेथें पकड नसेल तर वरची कारागिरी व्यर्थ होय. रबर कठीण कीं मऊ हें त्या दिवसाच्या जमिनीच्या तापमानावरून ठरवावें लागतें. मागचीं चाकें किंचित् आंत रोखलेलीं असावीं म्हणजे गाडी शेपूट फिरवीत नाहीं. हे सर्व फरक एका वेळीं एक याप्रमाणें करावे व वहींत लिहून ठेवावे. दोन फरक एकदम केल्यास कोणत्यानें काय झालें हें कळावयास मार्ग राहत नाहीं. प्रयोगशाळेंतला हा पहिला नियम आमच्या कांहीं पदवीधरांसही ठाऊक नसतो!

मोटरीकडे वळावें तें इतकें झाल्यावर. टीटी-०२ च्या संचांत मोटरीवरील पिनियनास २२ दांते, मोठ्या गिअरास ७०, आणि आंतील गुणोत्तर २.६, म्हणजे मोटरीचे ८.२७ फेरे होतात तेव्हां चाकाचा एक होतो. २३ दांत्यांचें पिनियन बसविलें तर हा आंकडा ७.९१ वर येतो. अंतिम वेग वाढतो, त्याबरोबर विजेचा प्रवाह व उष्णताही वाढते. पांच मिनिटें चालवून मोटरीस हात लावून पाहावा; हात ठेववत नसेल तर तो एक दांता परत काढावा. मोटर बदलण्यापूर्वीं या एका दांत्याचा हिशेब ज्यास समजला, त्यास बहुधा ती बदलावीशी वाटत नाहीं.

शर्यती भरविणाऱ्या मंडळ्यांसही उशिरां कां होईना हें पटलें. ब्रशविरहित मोटरी त्यांच्या तारेच्या वेढ्यांवरून २१.५, १७.५, १३.५ अशा वर्गांत बसविल्या गेल्या. वेढे जास्त तेवढा वेग कमी. वेगनियामक यंत्रानें आपल्या अकलेनें वेगांत भर घालूं नये असा निर्बंध आला, आणि तो पाळला आहे हें ओळखण्यासाठीं त्यावरील दिव्याची उघडझाप ही खूण ठरली. त्याहून साधा मार्ग एकाच गाडीच्या शर्यतींचा. टीटी-०२ साठींच राखून ठेवलेले असे वर्ग निरनिराळ्या देशांतील क्लबांनीं काढले. त्यांच्या नियमांत बेअरिंगें आणि तेलाचे डँपर घालण्यास बहुधा मुभा असते. टायर व मोटर मात्र सर्वांस एकच ठरवून दिलेली असते.