कमाला खान आणि आमचा तक्रारीचा हक्क

पडद्यावरच्या मुसलमानाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. शेरवानीतला शायर, कोठ्यावरची तवायफ, नायकासाठी जीव देणारा रहीमचाचा आणि १९९० नंतर बंदूक घेऊन फिरणारा अतिरेकी, या साच्यांची यादी आता तोंडपाठ झाली आहे. राहून गेला तो पडद्यासमोर बसलेला मुसलमान प्रेक्षक. १९७४ साली 'गर्म हवा' प्रदर्शित झाला तेव्हा समीक्षकांनी काय लिहिले, ते ग्रंथालयात वाचता येते. पण भिवंडीच्या यंत्रमागावरून सुटून चित्रपटगृहात जाणाऱ्या माणसाला सलीम मिर्झाविषयी काय वाटले असेल, त्याची नोंद आम्हाला कुठे सापडत नाही. प्रेक्षकाचे मत हेही इतिहासाचे साधन असते, हे आपण मानलेच नाही.

या दृष्टीने एका अमेरिकन मालिकेकडे पाहावे असे आम्हाला वाटते. मालिकेचे नाव 'मिस मार्व्हल'. ८ जून ते १३ जुलै २०२२ या काळात तिचे सहा भाग डिस्ने प्लसवर आले आणि भारतात ते तेव्हाच्या डिस्ने प्लस हॉटस्टारवर दिसले. मार्व्हल कंपनीच्या सुपरहिरो चित्रपटांची जी एक सलग कथा २००८ पासून चालू आहे, तिचाच ही मालिका एक दुवा. नायिका कमाला खान ही न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी वंशाच्या मुसलमान घरातली सोळा वर्षांची मुलगी. जगभरच्या मुसलमान चाहत्यांनी या मालिकेवर भरभरून मते मांडली. त्यांत कौतुक होते तशा तक्रारीही होत्या, आणि इतिहासाच्या दृष्टीने त्या तक्रारी आम्हाला अधिक मोलाच्या वाटतात.

आधी थोडी पूर्वपीठिका. या चित्रपटमालिकेचा आरंभ २००८ च्या 'आयर्न मॅन'ने झाला, आणि त्या कथेचा आरंभ अफगाणिस्तानातल्या एका गुहेत होतो. अमेरिकन शस्त्रव्यापारी नायकाला तिथे ओलीस ठेवलेले असते. पळवून नेणारे कोणकोणत्या भाषा बोलतात ते त्याचा सहकैदी डॉक्टर सांगतो. त्या यादीत अरबी, पश्तो, फारसी आहे आणि आपली उर्दूही आहे. म्हणजे जगातल्या सर्वांत यशस्वी चित्रपटमालिकेत उर्दूचा पहिला उल्लेख आला तो अपहरणकर्त्यांची भाषा म्हणून. चित्रकथांच्या पानांवरही फार वेगळे चित्र नव्हते. २००२ साली मार्व्हलने नकाबधारी अफगाण मुलगी 'डस्ट' आणली, ती गुलामांच्या व्यापाऱ्यांकडून सोडवून आणलेली. २००६ मध्ये कुवेतच्या नाइफ अल-मुतावा यांनी अल्लाहच्या ९९ नावांवर आधारलेली 'द ९९' ही चित्रकथा सुरू केली. पाश्चात्त्यांपैकी काहींनी तिच्यावर धर्मप्रचाराचा आरोप केला, तर सौदी अरेबियात धर्मपंडितांनी तिच्याविरुद्ध फतवा दिला. दोन्ही बाजूंचा मार खाण्याचा हा अनुभव आपल्या लेखकांना नवा नाही.

कमाला खानचा जन्म २०१३ सालचा. न्यू जर्सीतच वाढलेल्या मार्व्हलच्या संपादक सना अमानत आपले सहकारी स्टीफन वॅकर यांना बालपणीच्या गमती सांगत असत. मुसलमान घरातली मुलगी शाळेत कशी अवघडते, घरी काय चालते, बाहेर काय चालत नाही, अशा त्या गोष्टी. त्यांतून ही कल्पना निघाली. लेखनाची जबाबदारी इस्लाम स्वीकारलेल्या जी. विलो विल्सन यांच्याकडे आली आणि चित्रे एड्रियन अल्फोना यांनी काढली. फेब्रुवारी २०१४ मध्ये पहिला स्वतंत्र अंक निघाला आणि तो पुन्हा पुन्हा छापावा लागला. २०१५ साली पहिल्या संग्रहाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या शहर बसगाड्यांवर इस्लामविरोधी जाहिराती झळकल्या, तेव्हा काही लोकांनी त्यांच्यावर कमाला खानची चित्रे चिकटवली. ही कल्पना कंपनीची नव्हती. कागदावरची एक मुलगी वाचकांनी आपली म्हणून रस्त्यावर आणली होती. कमालावर चाहत्यांचा हक्क प्रस्थापित झाला तो असा, मालिका येण्याच्या सात वर्षे आधी.

मालिका आली तेव्हा पहिला दगड भलतीकडूनच आला. पहिला भाग पाहून होतो न होतो तोच आयएमडीबीवर एक-एक ताऱ्यांचा पाऊस पडला. नायिका मुलगी, त्यात तपकिरी कातडीची, त्यात मुसलमान, एवढे कारण अनेकांना पुरले. समीक्षकांनी मात्र मालिका उचलून धरली. अशा वेळी एक पेच उभा राहतो. बाहेरचे लोक द्वेषाने शिव्या देत असताना आपल्या माणसाने उणीव दाखवावी की गप्प बसावे? हा पेच आपण साहित्यातही अनुभवला आहे. घरातले दोष चव्हाट्यावर मांडू नयेत, शत्रूला आयते हत्यार मिळते, असे आपल्या लेखकांना किती वेळा ऐकवले गेले! मुसलमान चाहते गप्प बसले नाहीत, ही आम्हाला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

काय म्हणत होते ते? कौतुकाचा पहिला मान मशिदीला मिळाला. गुहेत सुरू झालेली कथा चौदा वर्षांनी जर्सी सिटीच्या मशिदीत पोहोचली होती. तिथे कमालाची मैत्रीण नाकिया हिचे महागडे जोडे चोरीला जातात, हे पाहून कराचीपासून लंडनपर्यंतचा नमाजी हसला असेल. बायकांच्या बाजूची पडझड कोणी दुरुस्त करत नाही म्हणून तीच नाकिया मशिदीच्या मंडळाची निवडणूक लढवते. सरकारी यंत्रणेची माणसे मशिदीत शिरतात, हा प्रसंगही हवेतून आलेला नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी २००१ नंतर न्यूयॉर्कबरोबरच न्यू जर्सीतल्या मशिदींवर आणि दुकानांवर पाळत ठेवली होती. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ते २०११ पासून उघडकीस आणले आणि २०१२ चा पुलित्झर पुरस्कार मिळवला. न्यू जर्सीच्या मुसलमानांनी न्यायालयात दाद मागितली आणि २०१८ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले. या इतिहासाचे चटके सोसलेल्या प्रेक्षकाला तो प्रसंग सुपरहिरोच्या मारामारीपेक्षा खरा वाटला, यात नवल नाही.

हिजाबावर मतभेद झाले. कमाला हिजाब घेत नाही, नाकिया घेते. पडद्यावर एवढी मोठी संधी मिळाली असताना नायिकेच्या डोक्यावर हिजाब का नाही, असे काहींना वाटले. आमच्या घरात एक बहीण घेते, दुसरी घेत नाही, तसेच इथे दाखवले, म्हणून इतरांना बरे वाटले. आईवडिलांविषयीही असाच वाद झाला. मुलीला रात्री बाहेर जाऊ न देणारी आई हा पुन्हा तोच साचा, असा एक आक्षेप. त्यावरचे उत्तर मालिकेच्या शेवटी आहे. तीच आई, मुनीबा, मुलीचा पोशाख स्वतः शिवते आणि वडील युसूफ तिच्या नावातल्या 'कमाल' शब्दाचा अर्थ उलगडून तिला तिचे नवे नाव देतात. मुंबईच्या झेनोबिया श्रॉफ आणि मोहन कपूर यांनी हे आईबाप असे उभे केले की मालिकेवर रुसलेल्यांनीही या घरावर प्रेम केले.

सर्वांत तिखट तक्रार जिन्नांविषयी होती. मालिकेतली खल मंडळी 'नूर'च्या जगातून हद्दपार झालेले जिन्न म्हणून ओळखली जातात. मुसलमान घरात वाढलेला कोणीही इथे थबकेल. आपल्या परंपरेत फरिश्ते नूरपासून आणि जिन्न अग्नीपासून निर्माण झाले. जिन्नांतही ईमान आणणारे आहेत, कुरआनात त्यांच्या नावाची सूरह आहे. मालिकेने नूर आणि जिन्न यांची सरमिसळ केली आणि भीतीच्या गोष्टींतला जिन्न तेवढा उचलला. मुसलमान मुलीला नायिका करायचे आणि तिच्या शक्तीचे मूळ मात्र अलादिनच्या दिव्यातल्या पौर्वात्य जादूत शोधायचे, ही विसंगती चाहत्यांनी नेमकी पकडली.

चित्रकथेच्या जुन्या वाचकांचे दुःख आणखी वेगळे होते. मूळ कथेत कमालाला आपले शरीर हवे तसे लांबवता, वाढवता, बदलता येते. पहिल्याच अंकात ती नकळत गोऱ्या, सोनेरी केसांच्या नायिकेचे रूप घेते आणि पुढे आपलेच रूप बरे हे तिला उमगते. देहाची लाज वाटणाऱ्या वयातल्या मुलीसाठी यापेक्षा नेमके रूपक शोधून सापडले नसते. मालिकेत पणजीच्या कड्यातून प्रकाश निघतो आणि त्याचे घट्ट आकार बनतात. कड्यामुळे घराण्याचा इतिहास कथेत आला हे खरे, पण देह बदलण्याचा तो अर्थ हरवला. शेवटच्या भागात 'म्यूटेशन' हा एक शब्द उच्चारून पुढच्या चित्रपटांची सोय करण्यात आली. चित्रपटांना जोडलेल्या मालिकेचे दुखणे हेच. घर तिचे, पण दारे कुठे ठेवायची ते दुसरे ठरवतात. सहा भागांत जर्सी सिटी, जिन्न, कराची, फाळणी आणि पुढच्या चित्रपटाची तयारी एवढे कोंबल्यावर शेवट घाईचा होणारच, अशी तक्रार अनेकांनी केली, आणि ती रास्त होती.

फाळणीचा पाचवा भाग दोन ऑस्कर मिळवलेल्या कराचीच्या शर्मीन ओबैद-चिनॉय यांनी दिग्दर्शित केला. फवाद खान आणि मेहविश हयात त्यात होते. पाकिस्तानात डिस्ने प्लस उपलब्ध नसल्याने ही दूरदर्शन-मालिका तिथे दोन-दोन भाग जोडून चित्रपटगृहांत दाखवली गेली, ही या इतिहासातली मौजेची नोंद. कराचीची दृश्ये थायलंडमध्ये चित्रित झाली होती, तेव्हा कराचीकरांनी आपल्या रस्त्यांची तपासणी केली नसती तरच आश्चर्य. ब्रिटिश टीव्हीवर 'डॉक्टर हू' मालिकेने २०१८ साली फाळणीवर एक भाग केला होता, पण अमेरिकन सुपरहिरोच्या जगात हा विषय नवा होता. आजीने आजवर न सांगितलेले आता विचारावेसे वाटले, असे तिसऱ्या पिढीतले चाहते म्हणाले. भारतीय प्रेक्षकांत कोणाला किती दोष दिला यावर वाद झाले.

आम्हाला इथे एक आपली तक्रार जोडायची आहे. लोकप्रिय कथेतली फाळणी नेहमी आगगाडीनेच येते. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा होईपर्यंत कराची मुंबई इलाख्यात होती. कोकणी मुसलमान तिथे नोकरीधंद्यासाठी, बोटींवर कामासाठी जात आणि आजही कराचीत कोकणी मुसलमानांची वस्ती आहे. त्यांची ताटातूट झाली ती मुंबईच्या बंदरावर, आणि पुढे वर्षानुवर्षे व्हिसाच्या रांगेत. मराठवाड्यातल्या घरांना तर ऑगस्ट १९४७ पेक्षा सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई अधिक आठवते. कमालाची नानी सांगते त्या रक्ताच्या सीमारेषेत आमची ही रेषा कुठे आहे? पंजाबची कथा साऱ्या उपखंडाची कथा झाली की आमच्यासारख्यांच्या आठवणी तळटीपेतही उरत नाहीत.

पुढचा चित्रपट 'द मार्व्हल्स' नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. ज्यांनी मालिका पाहिली नव्हती, त्यांतल्या अनेकांना ही मुलगी कोण हे कळेना. ज्यांनी पाहिली होती, त्यांना तिचे मोहल्ल्यासकटचे जग लहान झालेले दिसले. जगभरात सुमारे २० कोटी ६० लाख डॉलर मिळवून तो मार्व्हलच्या मालिकेतला तोवरचा सर्वांत कमी कमाईचा चित्रपट ठरला. तरीही चित्रपटात जिवंत काय होते असे विचारल्यावर पुष्कळ प्रेक्षकांनी खान कुटुंबाचेच नाव घेतले. अपयशाचे खापर मात्र लगेच 'वेगळ्या' नायिकांवर फुटले. बहुसंख्याकांचा एक चित्रपट पडला तर तो चित्रपट पडतो, आमचा पडला की आम्हीच पडतो. 'गर्म हवा'पासून चालत आलेले हे ओझे अजून उतरलेले नाही.

पण एक गोष्ट बदलली. कमालाची भूमिका करणारी इमान वेल्लानी कराचीत जन्मलेली आणि कॅनडात वाढलेली. ती स्वतःच या चित्रकथांची कट्टर वाचक. चित्रपटांच्या विश्वाला कोणता क्रमांक द्यावा, यावर तिने मार्व्हल स्टुडिओचे प्रमुख केविन फायगी यांच्याशी जाहीरपणे मतभेद मांडला. २०२३ मध्ये ती साबिर पिरजादा यांच्यासह कमालाच्या चित्रकथेची सहलेखिका झाली. प्रेक्षक, टीकाकार, नटी आणि लेखिका हा प्रवास एका मुसलमान मुलीने विशी-एकविशीत पुरा केला.

उपकाराची वस्तू कोणी हातात ठेवली तर माणूस आभार मानून गप्प बसतो. वस्तू आपली असेल तर तिची शिवण उसवलेली आहे हे मोठ्याने सांगतो. मुसलमान चाहत्यांनी 'मिस मार्व्हल'ची शिवण तपासली, म्हणजेच ती आपली मानली. आपल्या मुंब्रा-मालेगावच्या मुलांच्या हातांतल्या मोबाईलवर आज जगभरच्या मालिका पोहोचतात. त्यांवर त्यांची मते असतात, आणि ती जेवणाच्या दस्तरखानावरच विरून जातात. भिवंडीच्या त्या प्रेक्षकाचे मत आपण गमावले. या मुलांना काय पटले, काय खटकले, ते त्यांनी आपल्या मराठीत लिहावे आणि आपल्या नियतकालिकांनी ते छापावे. बंदरावरच्या फाळणीची कथा त्यांच्यापैकीच कोणीतरी लिहील.