पाठीमागचा पापुद्रा

ईजिप्तमध्ये थीब्जला रेखमिरे या वझिराची कबर आहे, इसवी सनापूर्वीच्या 15व्या शतकातली. तिच्या भिंतीवर सुतारांचं काम रंगवलेलं आहे. विस्तवावर सरसाचं भांडं तापतंय आणि एक कारागीर पिवळट फळीवर लालसर लाकडाचा पातळ तुकडा बसवतोय. साध्या लाकडाला भारी लाकडाची कातडी चढवण्याचा हा उद्योग इतका जुना आहे. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीला तो खटकला होता. एकच झाड पुन्हा पुन्हा विकता यावं म्हणून त्याचे पापुद्रे काढतात, असं त्याने नोंदवून ठेवलं.

पण फळी गप्प बसत नाही. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. ते आपल्या तंतूंच्या रेषेच्या दिशेने जवळपास हलत नाही, रेषेला आडवं मात्र चांगलंच फुगतं आणि आकसतं. त्यात सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा, पाण्यात विरघळवलेला चिकटा. तो लावताच पापुद्रा ओला होऊन पसरतो, त्याच अवस्थेत फळीला चिकटतो आणि वाळताना आवळू लागतो. अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्राही पातळ फळीला ओढून वाकवतो. दाराला बाक येतो, कपाट नीट लागत नाही.

17व्या आणि 18व्या शतकांत पॅरिसमध्ये हे काम कळसाला पोहोचलं. तिथे या कारागिरांना ‘एबेनिस्त’ म्हणत, म्हणजे एबनीचे, काळ्या लाकडाचे कारागीर. त्यांच्यातला आंद्रे-शार्ल बूल (1642–1732) कासवाच्या पाठीचे आणि पितळेचे पत्रे एकत्र कापून नक्षी जडवायचा. ती कपाटं आज संग्रहालयांत आहेत. पुढची बाजू सजवणाऱ्याचं नाव असं टिकलं. फळी सपाट राखण्याच्या युक्त्या शोधणारे मात्र निनावीच राहिले, आणि खरं कौशल्य त्यांचंच होतं.

त्यातली एक युक्ती फार देखणी आहे. खोडातून उभी चिरलेली फळी वाळताना सालीच्या बाजूला खोलगट होते, गाभ्याची बाजू फुगीर होते. म्हणून जाणता सुतार पापुद्रा गाभ्याच्या बाजूला लावायचा. फळीची ओढ एकीकडे, पापुद्र्याची दुसरीकडे, आणि दोन्ही एकमेकींना अडवून धरायच्या. काही जण सरस लावताना फळीची पाठही ओली करत, म्हणजे दोन्ही अंगं सारखी वाळावीत. सगळ्यात भरवशाचा उपाय मात्र खर्चाचा होता: मागेही पापुद्रा लावायचा. तो कुणाला दिसणार नसल्याने स्वस्त लाकडाचा चाले, फक्त जाडी, रेषेची दिशा आणि चिकटा पुढच्यासारखाच हवा. ज्यांनी हा खर्च वाचवला, त्यांच्या कित्येक झाकणांना आणि दारांना आज बाक दिसतो.

पुढे यंत्रं आली. अभियंता मार्क ब्रुनेलच्या लंडनमधल्या बॅटरसीच्या गिरणीत प्रचंड गोल करवती पापुद्रे कापू लागल्या. 1814च्या आगीत त्या गिरणीचं मोठं नुकसान झालं, पण पापुद्रा स्वस्त होत गेला. मग पापुद्र्यांचीच फळी करणं परवडू लागलं. 1905मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्रदर्शनात तीन थरांचे प्लाय मांडले गेले. मधल्या थराच्या रेषा आडव्या, दोन्ही बाजूंना एकेक उभा थर. सुतारांचा पाठीचा पापुद्रा इथे फळीच्या रचनेतच आला. प्लायचे थर तीन, पाच, सात असे विषम का असतात, याचं कारण हेच: मधल्या थराच्या दोन्ही अंगांना ओढ सारखी राहावी.

आपल्याकडेही सरस तापवणं हा सुताराच्या दिवसाचा भाग होता. 1959मध्ये मुंबईतल्या बळवंत पारेखांनी आणलेल्या फेविकॉलने ती चूल विझवली. चिकटा पांढरा झाला, तापवायची गरज उरली नाही, पण त्यातही पाणी होतंच. त्यामुळे जुना नियम सुटला नाही. आजही कपाटाच्या शटरला बाहेरून सागाचं व्हिनिअर, म्हणजे तोच पापुद्रा, लावलं की जाणता मिस्त्री आतल्या बाजूलाही त्याच जाडीचं साधं व्हिनिअर लावतो. दोन्ही बाजू एकाच वेळी प्रेसमध्ये घालतो आणि पॉलिशचे हातही आतबाहेर सारखेच देतो. घरमालक विचारतो, आत कोण बघणार? मिस्त्री पावसाळ्याकडे बोट दाखवतो आणि आतल्या बाजूवर दुसरा हात फिरवतो.