सोपा अर्थ सांगणं सोपं नसतं!

मंडळी, इव्हॅपोरेशन म्हणजे काय? बाष्पीभवन. झालं, लिहा वहीत आणि करा पाठ! पण ज्या पोराला 'बाष्पीभवन' हाच शब्द माहीत नाही, त्याला काय कळलं? एका अवघड शब्दाच्या जागी दुसरा अवघड शब्द, एवढंच.

हे दुखणं जुनं आहे. 1604 मध्ये रॉबर्ट कॉड्रे नावाच्या इंग्रज शिक्षकानं सुमारे अडीच हजार अवघड शब्दांचे सोपे अर्थ देणारं छोटं पुस्तक काढलं. इंग्रजीतून इंग्रजी अर्थ देणारा तो पहिला कोश समजला जातो. पुढे 1755 मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा मोठा कोश आला. विद्वान माणूस, पण साध्या जाळीचा अर्थ सांगताना त्यानं जाळीपेक्षा कितीतरी अवघड शब्द वापरले. लोक आजही त्यावर हसतात.

याला उत्तर मिळालं त्याची सुरुवात लंडनमध्ये नाही, आपल्याच उपखंडात, ढाक्यात झाली. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षणाधिकारी तिथं काम करत होता. त्यानं पाहिलं, बंगालमधली बरीच मुलं शाळा अर्ध्यावरच सोडतात. मग त्यानं विम्याच्या भाषेतला प्रश्न विचारला: अशा मुलाच्या शिक्षणाची 'सरेंडर व्हॅल्यू' किती? पॉलिसी मध्येच बंद केली तरी हातात काहीतरी पडतं. शाळा मध्येच सुटली तर पोराच्या हातात काय?

म्हणून त्यानं ठरवलं, मुलाला लवकरात लवकर स्वतः वाचता आलं पाहिजे. त्यासाठी मोजके, रोजच्या वापरातले शब्द आधी शिकवायचे. याच विचारातून 1935 मध्ये जेम्स एन्डिकॉटसोबत त्याचा कोश निघाला. त्यात सुमारे 24,000 शब्द आणि वाक्प्रचार होते, आणि त्या सगळ्यांचे अर्थ फक्त 1,490 शब्दांत बसवले होते! म्हणजे तेवढे शब्द आले की बाकीचा कोश मूल आपला आपण उघडू शकतं. 1978 चा लाँगमन कोश याच वाटेनं गेला, साधारण 2,000 शब्दांत. 1987 च्या कोबिल्डनं तर वर्गात बाई सांगतात तसे पूर्ण वाक्यात अर्थ दिले.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. नंतर गावोगाव सेमी-इंग्रजीचे वर्ग निघाले, विज्ञान आणि गणित इंग्रजीतून. पालक हौसेनं पोरं घालतात. पण घरी इंग्रजी सांगणारं कुणी नाही, आणि गाईडमध्ये शब्दाला शब्द. पोरगं पाठ करतं, मार्क मिळवतं, आणि दहावीनंतर गळपटतं. मग आपण म्हणतो, "याचं इंग्रजी कच्चं."

कच्चं पोरगं नाही, त्याला दिलेला अर्थ कच्चा आहे. दोरीवरचं ओलं कापड वाळतं, त्यातलं पाणी वाफ होऊन हवेत जातं, ते इव्हॅपोरेशन. एवढं सांगायला कुठली डिग्री लागते?

आज रात्री पोराची वही उघडा. पाच शब्द निवडा आणि विचारा, "हे तुझ्या भाषेत सांग बरं." सांगता आलं नाही तर पोरावर डाफरू नका. शाळेच्या पुढच्या पालक सभेत ती वही घेऊन जा आणि तिथं बोला.