ध्वनिमुद्रिकांचे घरगुती अंकीकरण

ध्वनिमुद्रिकांचे घरगुती अंकीकरण : ग्रामोफोन तबकडीवर कोरलेला ध्वनी घरच्या टर्नटेबलवर वाजवून संगणकात फाइलच्या रूपाने उतरवून घेण्याची क्रिया. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि व्हायनिलच्या एलपी व ईपी या सर्वांना ती लागू पडते. प्रत्येकीची सुई, वेग आणि सफाईची रीत निराळी. या कामातला मोठा वाटा रेकॉर्ड नीट वाजवण्याचा असतो. सुईने जे उचललेच नाही, ते पुढे कोणतेही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

कोलंबिया कंपनीने अमेरिकेत १९४८ साली मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची व्हायनिलची एलपी बाजारात आणली. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरची ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आली. भारतात लाखेच्या तबकड्या त्यानंतरही बरीच वर्षे निघत राहिल्या. त्यामुळे मराठी घरांतल्या जुन्या संग्रहात नाट्यपदे, भावगीते, लावण्या बहुधा ७८च्या तबकड्यांवर असतात आणि ख्यालगायन, अभंग, नंतरची चित्रपटगीते एलपी-ईपीवर. एलपीवरचे बरेचसे संगीत पुढे कॅसेट आणि सीडीवर आले. ७८च्या तबकड्यांपैकी पुष्कळ मात्र पुन्हा कधीच निघाल्या नाहीत, आणि कंपन्यांकडचे धातूचे मूळ साचेही अनेकदा उरलेले नाहीत. एखाद्या विस्मृत गायिकेचे तीन मिनिटांचे पद कोणाच्या तरी कपाटातल्या एकाच तबकडीवर शिल्लक असणे अगदी शक्य आहे. म्हणून संग्रह मोठा असेल तर सुरुवात ७८च्या तबकड्यांपासून करावी.

सफाई : धूळ आणि बुरशी हे दोन मुख्य शत्रू. कोकणात व किनारपट्टीवर पावसाळ्यात कागदी पाकिटातून बुरशी थेट खाचांत उतरते. अशी तबकडी न धुता वाजवली तर सुई ती घाण खाचेत दाबून बसवते. व्हायनिल धुण्यासाठी ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब पुरतो. चिकट डागांसाठी पातळ केलेले आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालते. लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोलचा स्पर्शही होऊ देऊ नये. लाख त्यात विरघळते, आणि एकदा हात फिरवून पुसण्यात खाचांवरची चकाकी व तिच्याबरोबर आवाज कायमचा जातो. बाजारात व्हायनिलसाठी मिळणाऱ्या तयार द्रवांत अल्कोहोल असू शकते, तेव्हा बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय ते लाखेवर वापरू नयेत. पुसताना हात खाचांच्या दिशेने गोल फिरवावा, मधले लेबल कोरडे ठेवावे आणि तबकडी पाण्यात बुडवून ठेवू नये. तडा गेलेली तबकडी धुऊच नये; पाणी फटीतून आत शिरते.

सुई : एलपीची खाच बारीक असते, तिला सुमारे १८ ते २५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. ७८ची खाच त्याहून बरीच रुंद असल्याने टोक सुमारे ७५ मायक्रॉनचे हवे. एलपीची सुई ७८च्या तबकडीवर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी लोळते आणि तिथली साठलेली घाणच वाजवते. आवाज खरखरीत आला की लोक तबकडीला दोष देतात. पुष्कळदा दोष सुईचा असतो. जुन्या पोलादी सुयांनी खाचेची झीज एका ठरावीक उंचीवर केलेली असते, म्हणून थोड्या जाड किंवा बारीक टोकाची सुई लावल्यास ती न झिजलेल्या भागावरून जाते आणि तीच तबकडी स्वच्छ वाजते. सुईवरचा भार, सुई ज्यात बसते त्या कार्ट्रिजच्या निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत असावा. कमी भार ठेवला तर तबकडी वाचते हा समज चुकीचा आहे, कारण हलकी सुई खाचेत उसळ्या घेते आणि कडा ओरबाडते.

वेग आणि सूर : या कामातला सर्वांत नाजूक भाग हाच, आणि सर्वांत दुर्लक्षित भागही हाच. विद्युत मुद्रण १९२५च्या सुमारास सुरू झाले आणि ७८ हा वेग त्यानंतर हळूहळू स्थिरावला. त्यापूर्वीच्या तबकड्यांवर तोच अंक गृहीत धरता येत नाही; पुष्कळ तबकड्या त्याहून कमी वेगाने मुद्रित झालेल्या आहेत. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. म्हणजे ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ने वाजवली तर काळी एकमध्ये गाणारा गायक जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, लय अकारण द्रुत होते आणि आवाजाची जात बदलून तो पातळ, पोरगेला वाटू लागतो. जुन्या गायकांच्या आवाजाबद्दलची काही मते अशा चुकीच्या वेगांवरच पोसली गेली असावीत. उपाय कानाचा आहे. साथीच्या पेटीचा स्वर ट्यूनरवर तपासावा. ती पेटी ४४० हर्ट्झच्या मापाला तंतोतंत जुळलेली असेलच असे नाही, म्हणून एकाच गायकाच्या, लेबलाजवळ कोरलेले मॅट्रिक्स क्रमांक लागोपाठचे असलेल्या तबकड्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात. त्या एकाच बैठकीत मुद्रित झालेल्या असण्याची शक्यता मोठी असते. तबकडीचे भोक मध्यापासून सरकलेले असेल तर लांब लावलेला षड्ज प्रत्येक फेऱ्याला खालीवर होतो. तबकडी किंचित सरकवून तो स्थिर करावा, मगच मुद्रण सुरू करावे.

टर्नटेबलला ७८चा वेग नसेल तर तबकडी ४५ने वाजवून नंतर सॉफ्टवेअरमध्ये वेग १.७३३ पट करता येतो. ही सोय तात्पुरती समजावी, कारण फोनो प्रीॲम्पची (पुढे 'जोडणी' पाहा) खर्ज व तार भाग पूर्ववत करण्याची क्रिया त्यामुळे चुकीच्या कंप्रतांवर घडते.

जोडणी : चुंबकीय कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्टचा संकेत निघतो, म्हणून टर्नटेबल थेट संगणकाला जोडता येत नाही, मध्ये फोनो प्रीॲम्प लागतो. तो संकेत वाढवतो आणि त्याच वेळी तबकडी कोरताना कमी केलेला खर्ज व वाढवलेला तार भाग पूर्ववत करतो. एलपीसाठी ही आकृती १९५४ साली ठरलेल्या आरआयएए मानकाची असते. ७८च्या तबकड्यांसाठी प्रत्येक कंपनीची रीत वेगळी होती, त्यामुळे आरआयएएने घेतलेले मुद्रण नंतर कानाने दुरुस्त करावे लागते. प्रीॲम्पमधून संकेत संगणकाच्या साउंड कार्डमध्ये किंवा यूएसबी इंटरफेसमध्ये जातो. सतत घरघर ऐकू आली तर टर्नटेबलची अर्थची बारीक तार जोडायची राहिली आहे असे समजावे.

मुद्रण : यासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. सीडीचे माप ४४.१ किलोहर्ट्झ व १६ बिट. जतनासाठी ९६ किलोहर्ट्झ व २४ बिट वापरावे. त्या मापाने एलपीची २० मिनिटांची एक बाजू सुमारे ६९० एमबी जागा घेते. संगीताचा सर्वांत मोठा आवाज शून्य डेसिबलच्या सुमारे सहा डेसिबल खाली राहील अशी पातळी ठेवावी. शून्याच्या वर गेलेला ध्वनी कापला जातो आणि सुधारता येत नाही. तबकडी एकमार्गी (मोनो) असली तरी मुद्रण दुमार्गीच (स्टिरिओ) करावे. खाचेच्या दोन भिंतींपैकी एक पुष्कळदा कमी झिजलेली असते, ती नंतर निवडता येते.

पहिली प्रत वॅव किंवा फ्लॅक या न-घटणाऱ्या प्रकारात, काहीही न पुसता, जशीच्या तशी ठेवावी. एमपी३ ऐकण्यापुरती ठीक. ती मूळ प्रत मानू नये. सुरुवातीची व शेवटची शांतता घाईने कापू नये. भारतातील आरंभीच्या तबकड्यांवर, गौहरजानच्या तबकड्यांप्रमाणे, गाणे संपल्यावर कलाकार स्वतःचे नाव सांगत. तो उच्चार रिकामी जागा समजून कापला गेला तर गायकाची ओळखच जाते.

खरखर काढणे : येथे संयम हवा. टकटक काढणारे सॉफ्टवेअर अचानक उसळणारा तीव्र ध्वनी शोधते, आणि तबल्याच्या किनारीवरचा 'ना' नेमका तसाच असतो. सफाईची मात्रा वाढवली की ठेका बोथट होतो. सतत येणारी सरसर काढणारी प्रक्रिया तर आणखी घातक: तानपुऱ्याची जवारी, झांजांची किणकिण आणि गायकाचे स-श सारखे वर्ण त्याच कंप्रतांत राहतात. काय निघून गेले ते ऐकण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. त्या उरलेल्या भागात तबला किंवा शब्द ऐकू आले तर मात्रा जास्त झाली. सरसरीतून स्पष्ट येणारे गाणे हे निर्जीव शांततेतल्या गाण्यापेक्षा केव्हाही चांगले.

नोंदी : परदेशी सॉफ्टवेअरमध्ये कलाकार, गीत आणि अल्बम एवढ्याच मुख्य चौकटी असतात. नाट्यपदाला त्या पुरत नाहीत. नाटक, नाटककार, चाल, राग, ताल, साथीदार, कंपनी, लेबलवरचा क्रमांक आणि लेबलाजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक हे सारे शेऱ्याच्या चौकटीत लिहावे आणि लेबलचे छायाचित्र फाइलसोबत ठेवावे. वापरलेली सुई व वेग यांचीही नोंद हवी. फाइलींच्या किमान तीन प्रती असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी.

कायदा : भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ खासगी वापरासाठी केलेल्या उचित व्यवहाराला मोकळीक देतो, फाइली सार्वजनिक करणे ही निराळी बाब. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९६० साली निघालेली तबकडी २०२० अखेर मोकळी झाली. शब्द आणि चाल यांचे हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतात. गीतकार ग. दि. माडगूळकर १९७७ साली आणि संगीतकार सुधीर फडके २००२ साली निवर्तले. तेव्हा त्यांच्या जुन्यातल्या जुन्या गीताचीही फाइल परवानगीविना सर्वांसाठी खुली करता येत नाही.

मूळ तबकड्या : अंकीकरण झाल्यावर तबकड्या भंगारात देऊ नयेत. पुढे अधिक चांगली सुई किंवा साधन मिळाल्यास त्यांच्यावरून पुन्हा उतरवता येते. फाइलवरून ते शक्य नाही. तबकड्या उभ्या, उन्हापासून दूर, नव्या पाकिटांत ठेवाव्यात. घरात जागा नसेल तर टाकण्यापूर्वी त्यांची यादी क्रमांकांसह एखाद्या जाणत्या संग्राहकाला किंवा मुंबईतील सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेला दाखवावी.