सावलीचे घड्याळ

मुलांना आकाशाची ओळख करून द्यावयास दुर्बीणच हवी असे नाही. सवाई जयसिंहाने १८ व्या शतकात उज्जयिनीस वेधशाळा बांधली, ती दगडचुन्याची. पुढे पडझड झाली. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करविला. तेथील सम्राटयंत्राची तिरपी भिंत ध्रुवाकडे रोखलेली आहे. तिच्या सरकत्या सावलीवरून वेळ कळते.

आमच्या माळव्यातील मुलांनी अंगणात काठी रोवावी, दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. (सूर्याकडे मात्र पाहू नये.) सर्वांत आखूड सावली मध्यान्हीची, पण घड्याळाचा काटा तेव्हा बाराच्या पुढे गेलेला असतो! "मास्तर, खोटे कोण?" एका मुलाने विचारले. कोणीच नाही. देशाची घड्याळे मिर्झापूरजवळच्या रेषेवर लावलेली. तेथून उज्जयिनीच्या मध्यान्हास यावयास सूर्याला सुमारे २७ मिनिटे लागतात.